लॅपटॉपची हळद

सरांच्या शोकसभेत लोक हसले.

शोकसभेत हसूच नये असं माझं म्हणणं नाही. गेलेल्या माणसाची एखादी लकब आठवते, डोळे पुसता पुसता हसू येतं, ते मी समजू शकतो. हे तसलं हसू नव्हतं. आमच्या वाचनालयाच्या खोलीत सतरंजीवर माणसं दाटीवाटीनं बसली होती. अध्यक्ष उठले, गावात कशी पोकळी निर्माण झाली ते बोलले, आणि मग आवाज बदलून म्हणाले, "पण आपले सर म्हटले का आपल्याले पह्यले काय आठवते?" मागून कोणीतरी म्हणालं, "हळद." आणि सगळी खोली हसली. हार घातलेल्या फोटोसमोर. दाराशी सरांची बहीण बसली होती, तिच्यासमोर.

बाहेरगावच्या माणसाला हे कळणार नाही, म्हणून ती गोष्ट आमच्याकडे सांगतात तशी सांगतो. वाचनालयाचा लॅपटॉप हळू चालायला लागला होता. तेव्हा विज्ञानाच्या सरांनी त्याला दुखणाईत समजून हळदीच्या पाण्यानं धुतलं, तांदळात बसवलं आणि गच्चीवर उन्हात ठेवलं. लॅपटॉप कायमचा गेला. सरांचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे गोष्टीला पुढे शेपूट फुटलं. सरांना जन्मात हळद लागली नाही, ती त्यांनी लॅपटॉपला लावून घेतली. हे शेवटचं वाक्य सांगणारा जरा थांबून सांगतो. लग्नाच्या पंगतीत, पानठेल्यावर, आंजीच्या बाजारात मी ते ऐकलं आहे. एकदा वर्ध्याहून येताना एसटीत अनोळखी माणसाच्या तोंडून ऐकलं.

ही गोष्ट खोटी आहे. लॅपटॉपला हळदीचं पाणी सरांनी लावलं नाही. मी लावलं.

शोकसभेत मी हसलो नाही. पण उठून बोललोही नाही. मला आता पूर्वीसारखं चालवत नाही, डोळ्यांनाही नीट दिसत नाही, आणि लोक माझ्याकडे येऊन म्हणतात, गुरुजी, तुम्ही तर सरांचे जुने सोबती, ती हळदीची गंमत जरा सांगा ना. सांगतो.

सर आणि मी एकाच शाळेत. ते विज्ञान शिकवायचे, मी गणित. वर्ग शेजारी शेजारी, मध्ये पत्र्याचं पार्टिशन. माझ्या त्रैराशिकात त्यांचा प्राणवायू मिसळायचा. ते कोणालाही नावानं हाक मारत नसत. मला 'गणित' म्हणत. पीटीच्या शिक्षकांना 'कवायत'. चित्रकलेच्या बाई बदलून गेल्या आणि नव्या आल्या, तरी दोघींना 'रंग'. अध्यक्ष तुरीचा व्यापार करायचे, म्हणून त्यांना सर भर सभेत 'तूर' म्हणायचे. "तूर काय म्हणते, ते आधी ऐकून घेऊ." अध्यक्षांना ते कधीही आवडलं नाही. पुढे जे झालं त्यात या 'तुरी'चा काहीच वाटा नव्हता, असं मी म्हणणार नाही.

त्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप असायचा. डॉक्टरांचाच. सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या कोणा ओळखीच्या डॉक्टरनं टाकून दिलेला, नळीला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावलेला. शेतावरची मोटार, शाळेचं भिंतीवरचं घड्याळ, पिठाची गिरणी, जे काही आवाज करतं त्याला ते लावून डोळे मिटून उभे राहायचे. वर्ध्याच्या बाजारात टरबुजाला लावायचे. टरबुजाच्या बाबतीत ते बहुतेक वेळा चुकत. कापल्यावर पांढरं निघालं की शांतपणे म्हणत, "पेशंट खोटं बोलला."

हे मी मुद्दाम सांगतो, कारण मला त्यांचा देव करायचा नाही. माणूस तुसडा होता. लग्नाच्या मांडवात भटजींना मुहूर्ताच्या घड्याळावरून टोकायचे. भजनी मंडळाची पेटी एका सुरात खोटी आहे, असं त्यांनी भजन चालू असताना सांगितलं होतं. एक मुलगी बोर्डात पहिली आली, पेढे घेऊन त्यांच्या घरी गेली, तर पेढा तोंडात टाकून म्हणाले, "बरं." एवढंच. ती रडत माझ्याकडे आली होती. मी समजूत घातली. सरांचं 'बरं' म्हणजे इतरांचा सत्कार असतो, हे तेव्हा तिला कसं सांगणार?

आणि त्यांची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रयोगशाळेत मुलांच्या हातून चंचूपात्र फुटायचं, परीक्षानळी फुटायची. इतर शिक्षक ओरडायचे, कोणी फोडलं? सर कधीही विचारत नसत. काचा गोळा करून टेबलावर ठेवायचे आणि वर्गासमोर हाताची घडी घालून उभे राहायचे. शिकवणं बंद. एखादा चुगलखोर हात वर करून दुसऱ्याचं नाव सांगायला लागला, की त्याच्यावरच उखडायचे. "तुझ्या हातून फुटली का? मंग तू काऊन सांगून राह्यला?" मोडलं त्यानं सांगावं, पाहिलं त्यानं सांगू नये, असा त्यांचा कायदा होता. ज्याच्या हातून फुटलं ते पोर शेवटी रडत उठायचं. मग सर म्हणायचे, "बरं," आणि काचा केरात टाकून जिथे थांबले होते तिथून पुढे शिकवायला लागायचे. शिक्षा नाही, उपदेश नाही, काही नाही.

एकदा खुद्द मुख्याध्यापकांच्या हातून भिंतीवरचा तापमापक फुटला. सगळ्या स्टाफनं पाहिलं. सरांनी तुकडे आपल्या टेबलावर मांडून ठेवले. मुख्याध्यापक रोज तिथून जायचे आणि रोज दुसरीकडे बघायचे. बरेच दिवस गेले. शेवटी एका दुपारी ते सरांच्या टेबलाशी थांबले आणि म्हणाले, "माझ्याकडून झालं हो ते." सर म्हणाले, "बरं," आणि झाडू मागवला. मला तेव्हा फार हसू आलं होतं.

निवृत्त झाल्यावर सरांनी वाचनालय धरलं. सकाळी कुलूप उघडायचं, झाडायचं, वर्तमानपत्रं काठ्यांना लावायची. किल्ली त्यांनी स्टेथोस्कोपच्याच नळीला बांधली होती. दुसरी किल्ली माझ्याकडे, कारण मी सचिव. गावचा एक मुलगा नागपुरात मोठा अधिकारी झाला होता, अध्यक्षांचा नातलग. त्यानं वाचनालयाला लॅपटॉप दिला. नवा नव्हता, पण आमच्यासाठी नवाच. भरतीचे फॉर्म भरायला आजूबाजूच्या खेड्यांतल्या पोरी यायच्या. आणि सरांनी त्यात वाचनालयाच्या झाडून सगळ्या पुस्तकांची यादी घातली. उजव्या हाताच्या एका बोटानं. एक अक्षर शोधायचं, दाबायचं, चष्म्यावरून पडद्याकडे बघायचं, मग पुढचं. अख्खं वर्ष गेलं त्यात.

ज्या माणसानं एका बोटानं वर्षभर त्या यंत्रात स्वतःला ओतलं, तो त्याला पाण्यात घालील? हा प्रश्न गावात एकाही माणसाला पडला नाही.

लॅपटॉप हळू व्हायला लागला तो उन्हाळ्यात. बटण दाबलं की गोल गोल फिरणारी खूण यायची आणि फिरतच राहायची. तोवर अग्रलेख वाचून होई. एखादीनं फॉर्म अर्धा भरला की पडदा गोठायचा आणि सगळं पहिल्यापासून. ज्याला त्याला उपाय माहीत होता. फॉरमॅट मारा, हा सगळ्यांचा आवडता. सरांनी साफ नकार दिला, फॉरमॅट मारलं की यादी जाणार. त्यांनी आधी काय केलं, तर आत साचलेला कचरा काढला. अध्यक्षांच्या पुतण्यानं कुठकुठले सिनेमे आणि स्वतःच्या लग्नाचे व्हिडिओ त्यात भरून ठेवले होते. ते पेन ड्राइव्हवर घालून सरांनी त्याच्या हातात ठेवले आणि लॅपटॉपवरून पुसले. पुतण्या घरी जाऊन सांगून आला की सरांनी माझं लग्न पुसलं. गावात सरांवरचा हा पहिला विनोद.

तरी फरक पडला नाही. मग स्टेथोस्कोप निघाला. लॅपटॉप उलटा करून त्याच्या पोटाला लावून सर बराच वेळ ऐकत बसले. "पंखा फिरून राह्यला," ते म्हणाले, "पण श्वास बाहेर येऊन नाई राह्यला." फॉर्म भरायला आलेल्या पोरींनी तोंडाला ओढणी लावली. सरांनी बारका पेचकस आणून मागचं झाकण उघडलं, तर पंख्याच्या जाळीवर कापसाची गादी बसलेली. आमच्या वाचनालयासमोर कापसातून सरकी काढायची जिनिंग आहे. हंगामात तिथला रुईचा भुगा वाऱ्यावर येतो, केसांवर बसतो, चहात पडतो. तोच आत गेला होता. सरांनी तो चिमट्यानं काढला, सायकलच्या पंपानं हवा मारली, आणि त्या दिवसापासून लॅपटॉप दोन विटांवर ठेवायचा असा नियम केला, खालून वारा लागावा म्हणून. मे महिन्यात तर त्यांनी तो कूलरसमोर नेऊन ठेवला. दमट हवा लागेल म्हणून मीच तो तिथून काढला, हेही खरं आहे. या विटा आणि हा कूलर पुढे लोकांनी पुरावा म्हणून वापरले.

महिनाभर लॅपटॉप बरा चालला. पावसाळ्यात पुन्हा तसाच. सरांनी ते लपवलं नाही. सभेत सांगितलं, माझं निदान अर्धंच होतं, रुई निघाली पण आतली डिस्क म्हातारी झाली आहे, वर्ध्याला नेऊन ती बदलून आणू आणि तोवर कोणी त्याला जास्त पळवू नका. सभेनं मान हलवली आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला. पुढची सभा दसऱ्यानंतर होती.

आमच्या घरी दसऱ्याला अवजारं धुऊन पूजायची रीत. विळा, कुऱ्हाड, वखराची पास, सायकल, आणि वडिलांच्या काळापासून पाण्याचा पंप. वडिलांचा एक नेम होता. जे अवजार त्या वर्षी अडलं, त्याची पूजा सगळ्यात आधी. पंप बंद पडला असेल तर त्याला आधी स्नान, आधी हळद, आधी फूल. शिकलो, शिकवलं, निवृत्त झालो, पण हे माझ्या हाडात राहिलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी सरांना म्हणालो, उद्या सकाळी जाऊन वाचनालयाची पूजा करून येतो. ते वर्तमानपत्र घडी करत होते. म्हणाले, "कपाटाची करजो, घड्याळाची करजो. त्या लॅपटॉपले मात्र हात नको लावजो. त्याले पूजा नाई, डिस्क पाहिजे."

मला राग आला. वाटलं, या माणसाला सगळ्यातलंच कळतं. खोलीतल्या सगळ्या वस्तूंची पूजा होईल, आणि जे आजारी आहे तेच उपाशी ठेवायचं?

सकाळी मी एकटाच गेलो. लॅपटॉप विटांवरून काढला, पाटावर ठेवला. ओल्या फडक्यानं वरून पुसला, उघडून अक्षरांवरचा मळ काढला. फडकं नीट पिळलेलं नव्हतं. मग तांब्यातलं हळदीचं पाणी फुलानं शिंपडलं. एकदा नाही. वडील शिंपडायचे तसं, मंत्र संपेपर्यंत. अडलेलं अवजार म्हणून जरा जास्तच. झाकण लावून वर कुंकवाचं बोट ओढलं. कपाटाला हळदीची बोटं लावली, घड्याळाला झेंडूची माळ घातली. हात जोडले, घरी आलो आणि आपट्याची पानं वाटायला निघालो. मनात समाधान होतं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा निरोप आला म्हणून वाचनालयात गेलो, तर खाली कोणीच नाही, गच्चीवर आवाज. वर चढलो. उन्हात सतरंजी टाकलेली. तिच्यावर परातीत तांदूळ, तांदळात लॅपटॉपचा एक भाग, बाजूला उघडं पडलेलं खोकं, वाटीत बारीक स्क्रू. सर उकिडवे बसून कापसाच्या बोळ्यानं काहीतरी टिपत होते. बोळा पिवळा झाला होता. समोर अध्यक्ष, कवायत मास्तर आणि आणखी दोघं उभे.

सरांनी सकाळी बटण दाबलं होतं, काहीच झालं नव्हतं. उचलून तिरपा केला तेव्हा कडेतून पिवळं पाणी ठिबकलं. त्यांनी तो लगेच उघडून वाळत घातला. तांदूळ ओल ओढतो, म्हणून घरून परात आणली. त्या क्षणी करण्यासारखं जे होतं ते त्यांनी केलं. समोरच्यांना काय दिसलं? हळद, तांदूळ, परात आणि लग्न न झालेला म्हातारा.

"सर," अध्यक्ष म्हणाले, "अक्षता तयार हायेत, आता नवरदेव कोण?"

सगळे हसले. सर हसले नाहीत, चिडलेही नाहीत. म्हणाले, "भिजला हाय. वाळवून राह्यलो."

"भिजवला कोणं?"

सरांनी मान वर केली. मी जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वर्गात हाताची घडी घालून उभे राहायचे तेव्हा पाहायचे तसं. मग पुन्हा बोळा उचलला आणि म्हणाले, "ज्यानं भिजवला त्याले माहीत हाय. तो सांगन."

मी तोंड उघडायला हवं होतं. एक वाक्य होतं. पूजेत माझ्या हातून पाणी गेलं. माझी नोकरी जाणार नव्हती, मला कोणी मारणार नव्हतं. फक्त ते चौघं हसत होते, आणि ते हसू सरांवरून उठून माझ्यावर येऊन बसलं असतं. एवढ्यासाठी मी गप्प राहिलो. त्यापेक्षा मोठं कारण असतं तर मला बरं वाटलं असतं.

पण मी फक्त माझ्यावरच चिडायला तयार नाही. खाली खोलीत कपाटावर माझ्या हळदीची बोटं होती. घड्याळावर झेंडूची माळ होती. त्या चौघांतला प्रत्येक जण त्या कपाटासमोरून गच्चीवर आला होता. दसरा कालच झाला होता. दोन आणि दोन चार करायला गणिताचा मास्तर लागत नाही. पण त्यांना चार नको होते. त्यांना हळद लावलेला लॅपटॉप आणि हळद न लागलेला सर पाहिजे होता.

लॅपटॉप वर्ध्याला गेला. दुकानदार म्हणाला, अंदर से पीला पानी निकला, बोर्ड गया. डिस्क तरी काढून बघा, यादी निघेल, असं सर सांगत होते. कोणी ऐकलं नाही. मग सभा झाली. अध्यक्षांनी ठराव मांडला की सरांनी यापुढे वाचनालयाच्या कोणत्याही उपकरणाला हात लावू नये आणि किल्ली परत करावी. सर माझ्या समोरच बसले होते. अध्यक्षांनी विचारलं, अनुमोदन कोणाचं? कोणी बोलेना. सचिव म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. सरही बघत होते. ते मला अजूनही वेळ देत होते, हे मला तेव्हाही कळत होतं.

अनुमोदन मी दिलं.

सरांनी किल्ली गळ्यातल्या नळीची गाठ सोडून काढली आणि टेबलावर ठेवली. त्यानंतर ते वाचनालयाची पायरी चढले नाहीत. वर्तमानपत्र वाचायला स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर जात, उभ्यानं वाचत. शाळेतली पोरं त्यांना 'हळदीवाले आजोबा' म्हणायची. मी दिसलो की मात्र पूर्वीसारखंच, "काय गणित, कसं काय?" आणि त्यानंतर ते थांबायचे. एखाद-दुसरा क्षणच, पण थांबायचे. मी ती जागा गुडघ्याच्या दुखण्यानं, तुरीच्या फुलोऱ्यानं, कशानंही भरून टाकायचो. वर्षानुवर्षं हे चाललं.

शेवटी ते सेवाग्रामला दवाखान्यात होते तेव्हा मी भेटायला गेलो. गळ्यात स्टेथोस्कोप नव्हता, त्यामुळे मान एकदम बारीक दिसत होती. मला म्हणाले, "गणित, बोल." मी म्हणालो, काही नाही, तुम्ही आराम करा. त्यांनी डोळे मिटले. "बरं," म्हणाले.

त्यानंतर ती शोकसभा. लोक हसले तेव्हा त्यांची बहीण पदर सावरून उठली आणि निघून गेली. तिला सगळं गाव आत्याबाई म्हणतं. नवरा वारल्यापासून ती सरांकडेच राहायची, दोघांचा स्वयंपाक करायची. सभेनंतर चार-पाच दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मग एका सकाळी तिच्या घरी गेलो.

ती अंगणात मेथी निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. पूजा, फडकं, पाणी, अनुमोदन. तिचे हात थांबले.

"म्हणजे दादानं नाई केलं?"

"नाही."

तिनं जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "मी त्याले काय म्हटलं माहीत हाय का, गुरुजी? मी म्हटलं, जन्मभर सोताले हळद लागली नाई, अन् म्हातारपणी मशिनीले लावून राह्यला. गावानं म्हटलं ते म्हटलं. मी म्हटलं. त्याच्या बहिणीनं."

"ते काय म्हणाले?"

"काई नाई. जेवत होता. भाजी मांगतली."

मी माफी मागायला लागलो. तिनं हातानंच थांबवलं.

"मले काऊन सांगून राह्यले? मी तिथं हसली होती का? जे हसले त्याइले सांगा. संध्याकाळी असतेत ना तिथं सगळे? मी येते संगं."

संध्याकाळी आम्ही वाचनालयात गेलो. ती माझ्यापुढे दोन पावलं. अध्यक्ष होते, कवायत मास्तर होते, टेबलाभोवती नेहमीची माणसं होती. मी दारातच उभा राहून बोललो. एकही गोष्ट गाळली नाही. मग अध्यक्ष फार प्रेमानं म्हणाले, "जाऊ द्या ना गुरुजी. तुमची माया होती सरांवर, म्हणून तुम्ही आपल्या अंगावर घेऊन राह्यले. तुम्ही गणिताचे मास्तर, तुमच्या हातून असा येडेपणा होऊच शकत नाई." बाकीच्यांनी माना हलवल्या. कवायत मास्तर म्हणाले, वयोमानानं माणसाच्या डोक्यात गोष्टींची सरमिसळ होते.

अपराध कबूल केला तरी ही माणसं मला अपराधी करायला तयार नव्हती. आणि ज्यानं काही केलं नव्हतं, त्याला एकदाही न विचारता त्यांनी जन्माचा विदूषक करून टाकलं होतं. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नाही.

आत्याबाई पुढे झाली.

"हे सोता सांगून राह्यले तं तुम्हाले खोटं वाटते," ती म्हणाली, "अन् माझ्या भावानं तं म्हटलंच नव्हतं मी केलं म्हणून. ते खरं वाटलं." आवाज चढला नव्हता. "बरं. हळद गुरुजीनं लावली. आता हसा."

कोणी हसलं नाही.

"काऊन? गोष्ट तं तेच हाय. तोच लॅपटॉप, तेच हळद. हसा ना."

एक जण वर्तमानपत्राची घडी घालायला लागला. कोणीतरी पंखा कमी केला. अध्यक्ष उठले, आपली खुर्ची उचलून पुढे आणली आणि मांडली. माझ्यासमोर. "बसा, गुरुजी, बसा," ते म्हणाले, "तुम्हाले त्रास झाला."

आत्याबाई माझ्या शेजारीच उभी होती.